सैल केलेली झाकणं

१२ फेब्रुवारी

ठिणगे,

आशीर्वाद. तुला नको असले तरी टपालाने पोचतात, आणि परत पाठवायचे तर तिकीट तुलाच लावावं लागेल. फोनवर माझा आवाज ऐकला की तू "आईला द्या" म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून हा उद्योग.

बातमी चांगली आहे. तुझ्या आईला नवीन इंजेक्शन लागू पडलंय. इतके दिवस मी तोंडातून शब्द काढला नाही, कारण याआधीही आपण सगळे असेच हुरळून गेलो होतो आणि तोंडावर आपटलो होतो. पण आता लपवण्यासारखं राहिलेलं नाही. सकाळी उठल्या उठल्या तिची मूठ वळते. संधिवाताने आखडलेली ती बोटं गरम पाण्यात बुडवून ठेवल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नसे, हे तू पाहिलंयस. परवा पाण्याचं पातेलं गरम करून मी तिच्यासमोर ठेवलं तर म्हणाली, "हे कशाला? चहाला टाका." मी खरंच त्याचा चहा केला.

डॉक्टरबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेऊन एकेक बोट वाकवून पाहिलं. म्हणाल्या, सूज उतरली आहे, औषधाचं काम झालं. आता हात किती परत येतात ते तुम्ही ते किती वापरता यावर. सांडलं, फुटलं, चुकलं, तरी वापरा. नाही वापरले तर पुन्हा आखडतील. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही मधेमधे करू नका." तू त्यांना फोन केला होतास का? खरं सांग.

मी मधेमधे करतो म्हणे. मी नळांना लांब दांडे लावले, तिच्या कपड्यांची बटणं काढून हुक शिवले, सुऱ्यांच्या मुठींना पुस्तकांचं उरलेलं चामडं गुंडाळलं. याला तुम्ही लोक मधेमधे करणं म्हणता. मागच्या खेपेला जेवताना मी तिला भाकरीचा तुकडा मोडून दिला तर तू ताट बाजूला सारून म्हणालीस, "बाबा, तुम्हाला आई आजारीच बरी वाटते." मी तुला दार दाखवलं. तू ते बघितलंस आणि गेलीस. एरवी माझं एक ऐकत नाहीस, नेमकं तेवढं ऐकलंस.

असो. मूळ बातमी पुढेच आहे. काल तिनं जॅमची बरणी स्वतः उघडली. मी खालच्या खोलीत, आपल्या पुस्तकबांधणीच्या दुकानात, पुठ्ठ्याला खळ लावत होतो. ही जिना उतरून आली, एका हातात बरणी, दुसऱ्या हातात झाकण. दोन्ही माझ्यासमोर धरून उभी राहिली. माझे हात खळीने माखलेले, त्यामुळे मला डोळेसुद्धा पुसता येईनात.

तुला सांगायला हरकत नाही, झाकण मी सकाळीच जरासं सैल करून ठेवलं होतं. तिच्याजवळ बोलू नकोस. माणसाला उमेद यायला सुरुवात कुठून तरी व्हावी लागते, एवढंच.

बाबा

९ मार्च

ठिणगे,

तुझं उत्तर आलं नाही. ते अपेक्षितच होतं, त्यामुळे मला वाईट वाटलं नाही. टपालवाल्याला वाईट वाटलं. तो रोज फाटकाशी माझी नजर चुकवून जातो.

तुझी आई शिवायला बसली आहे.

दोनदा वाच. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी झाडांवरचं एक जाडजूड पुस्तक बांधायला आणलं, पाठ पार सुटलेली, घडी घातलेल्या पानांचे फर्मे पत्त्यांसारखे वेगळे झालेले. मी नेहमीप्रमाणे दोऱ्याला मेण लावायला घेतलं, तर तिनं दोरा माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, हे मी शिवणार.

तुला आठवतं, आपल्या दुकानाची वाटणी ठरलेली होती. शिवण तिची, पुठ्ठा माझा. फर्म्याच्या घडीत सुई घालून एकाला एक फर्मा बांधत न्यायचा ते तिचं काम. तिनं शिवलेलं पुस्तक टेबलावर उघडं टाकलं तर ज्या पानावर टाकलं त्याच पानावर पडून राही. मग तिचे हात गेले. ती माझ्या शेजारी स्टुलावर बसून सांगायची आणि मी शिवायचो. माझ्या पहिल्यावहिल्या शिवणीला तिनं गोणपाट म्हटलं होतं. आता म्हणत नाही. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून शिकून तिच्याइतकं नाही तरी लोकांना फरक कळू नये इतपत शिवायला लागलो.

तिच्या अंगठ्याला पकड अजून नाही, त्यामुळे दोरा ओढता येत नाही. तिनं काय युक्ती काढली, दोरा पेन्सिलीला गुंडाळायचा आणि पेन्सिल मुठीत धरून ओढायची. भोकं पाडायला टोचा धरते तो भलतीकडेच सरकतो. मी म्हटलं, मी भोकं पाडून देतो, तू फक्त शीव. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खळ ढवळायला निघून गेलो. खळ तयारच होती. तरी ढवळली.

दिवसभरात दोन-तीन फर्मे होतात. मधेच बेसूर गुणगुणते. ते गुणगुणणं मी किती दिवसांनी ऐकलं ते विचारू नकोस.

वरच्या मजल्यावर माझा वेगळा कारभार चालू आहे. तिच्या कपाटाचे खण अडकायचे, त्यांना मेणबत्ती घासून ठेवली. सगळ्या बरण्या, डबे, बाटल्या रोज एकदा सैल करून ठेवतो. किटली अर्धीच भरतो. तिच्या कोटाची बटणं परत लावून हवी होती, तर भोकं ब्लेडने किंचित मोठी केली. आमच्या घरात हल्ली सगळं सहज उघडतं. ती दर वेळी खूश होते, आणि तिला बघून मी. तू लोकांना गाडी चालवायला शिकवतेस, तुझ्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक असतोच ना? तसंच समज.

तू येऊन बघ असं मी म्हणणार नाही. पण बघण्यासारखं आहे.

बाबा

२८ मार्च

ठिणगे,

झाडांचं पुस्तक शिवून झालं. शेवटची गाठ मारल्यावर तिनं ते छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "आता घाला तुमचा पुठ्ठा."

दुसऱ्या दिवशी ती तपासणीला एकटी गेली, बसने. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. तिकिटाचे सुटे पैसे पाकिटातून स्वतः काढता आले, हे परत येऊन तिनं मला तपासणीच्या आधी सांगितलं. रक्ताचा रिपोर्ट उत्तम आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा.

ती दिवसभर गेली होती तेवढ्यात मी पुठ्ठा घातला. पुस्तक थोडं सैल होतं, त्याच्यावर जरा शेवटचा हात फिरवला. काही विशेष नाही. ते वाचनालयात जायचंय, शंभर जण हाताळणार, पहिल्याच आठवड्यात पानं निघून आली असती तर नाव कोणाचं खराब झालं असतं? तिचंच. म्हणून.

संध्याकाळभर ते पुस्तक तिच्या मांडीवर होतं. पाठीवरून अंगठा फिरवत होती. म्हणाली, मला वाटलं होतं त्यापेक्षा घट्ट आलंय हो. मी म्हटलं, मग? हात कोणाचे आहेत.

तू या गोष्टीवर काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, तेव्हा म्हणू नकोस.

बाबा

१६ एप्रिल

ठिणगे,

आई फोनवर तुला काय म्हणाली मला माहीत नाही. काही म्हणाली नसेल तर माझ्याकडून ऐक. मागच्या पत्रात मी "शेवटचा हात फिरवला" असं लिहिलं होतं. ते पुस्तक मी पूर्ण उसवलं होतं. कात्री लावून तिचा दोरा काढला, पट्टी लावून नवी भोकं पाडली आणि पहिल्या फर्म्यापासून शेवटच्यापर्यंत स्वतः शिवलं. ती बसने एकटी गेली याचा आनंद तिला होत होता त्या वेळी मी ते करत होतो.

मी अगदी हलक्या हाताने उसवलं, यावर विश्वास ठेव. ते खरंच टिकणारं नव्हतं. उचललं की पाठ झोकांड्या खायची. पण मला तिला तसं सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर तिनं मला दोन शब्द सुनावले असते आणि स्वतःच उसवून पुन्हा शिवलं असतं. हे आता सुचतंय.

ग्रंथपालबाई सोमवारी पुस्तक न्यायला आल्या. तुझ्या आईनं कोट घातला होता, बटणांचा. पुस्तक तिनं स्वतः त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, म्हणाल्या, तुमच्या हातची शिवण परत आली की. हिला इतका आनंद झाला की त्यांना दाखवायला म्हणून तिनं पुस्तक घेतलं, टेबलावर ठेवलं आणि बरोबर मधोमध उघडलं, घडीतला दोरा दिसावा म्हणून.

घडीत माझा दोरा सरळ रेषेत होता. आणि त्याच्या आजूबाजूला तिची भोकं होती, वेडीवाकडी, रिकामी.

कागदाला एकदा पडलेलं भोक बुजत नाही, हे आपल्या घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत. मलाही माहीत होतं. पहिल्या आणि शेवटच्या फर्म्यातली मी खळ लावून दाबून टाकली होती. मधे कोण बघणार, असं वाटलं.

बाईंसमोर तिनं पुस्तक मिटलं, कागदात गुंडाळून दिलं, दारापर्यंत सोडायला गेली. परत येऊन स्टुलावर बसली. मी काहीतरी बोलायला लागलो, वाचनालयाचं, शंभर हातांचं. तिनं माझं बोलून होऊ दिलं. मग म्हणाली, "जॅमची बरणी?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, हे आता तुलाही कळलं असेल. पण तेव्हा नाही जमलं.

ती उठून वर गेली. मी मागून गेलो तोवर तिनं स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या आणि डबे टेबलावर मांडले होते. एकेकावर बोट ठेवून विचारत गेली. ही? हा पण? आणि किटली? खण? कोटाची भोकं तिनं स्वतःच पाहिली, उजेडाकडे धरून. ठिणगे, सगळ्यात वाईट काय झालं सांगू? कुठलं मी सैल केलं होतं आणि कुठलं तिनं खरोखर स्वतः उघडलं होतं, ते मला आठवेना. मी रोज सगळ्यांवरूनच हात फिरवत होतो.

ती म्हणाली, "अहो, मग मी बरी झालेय, की तुम्ही मला बरी करून दाखवताय?"

मी म्हटलं, रिपोर्ट आहे ना. ती म्हणाली, "रिपोर्ट रक्ताचा आहे. मी हातांचं विचारतेय."

तिचे हात किती परत आले हे कळायचा एकच रस्ता होता आणि तो मी बुजवून टाकला.

त्या दिवसापासून तिनं सुईला हात लावलेला नाही. सुई सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवली आहे, पेन्सिल शेजारी. भांडत नाही, रागावत नाही. मी चहा दिला की घेते, भाकरी मोडून दिली की खाते. पूर्वी यावर तू चिडायचीस. मी मनातून म्हणतो, आता तिनं चिडावं. दिवसभर हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसते. आज सकाळी मी पाहिलं, तिची मूठ पुरती वळली नाही.

मी पातेलं गरम करायला गेलो आणि गॅससमोर नुसता उभा राहिलो.

बाबा

२ मे

ठिणगे,

हे पत्र ती येण्याआधी तुला मिळावं म्हणून घाईने टाकतोय. तिनं तुला फोन केला ते मी ऐकलं. मुद्दाम ऐकलं नाही, पण पाय हलले नाहीत. "थोडे दिवस येऊ का गं तुझ्याकडे" असं ती विचारत होती, स्वतःच्या लेकीला, परक्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं. आणि तू लगेच हो म्हणालीस, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. बरं केलंस.

ती म्हणाली, जिथं कोणी माझ्या आधी उठून झाकणं सैल करत नाही तिथं जाऊन बघते. रागाने म्हणाली असती तर मी समजूत घालत बसलो असतो. साधंच म्हणाली, दुकानात जाऊन येते म्हणावं तसं.

बॅग तिनं भरली. चेन मधे अडकली. मी हात मागे बांधून भिंतीशी उभा होतो. ती ओढत राहिली, थांबली, पुन्हा ओढली. शेवटी कपड्याचा कोपरा आत दाबून तिनं चेन सरकवली आणि माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती पहिली गोष्ट, जी तिनं स्वतः केली याची मला खात्री आहे.

आता काही गोष्टी, आणि त्या मी सांगतोय म्हणून हसू नकोस. तिच्या हातून काही पडलं तर लगेच वाकू नकोस. ताटात जेवण गार झालं तरी घाई करू नकोस. ती शिव्या घालते, म्हणजे हलक्याशा, "मेलं हे" वगैरे. ते ऐकू आलं तर चांगलं लक्षण समज आणि खोलीत जाऊ नकोस. गप्प बसली तर मात्र जा. सकाळी गरम पाणी ती मागेल तरच. इंजेक्शन फ्रिजमध्ये आत ठेव, दारात नको. तुझ्या गाडीतला तो जास्तीचा ब्रेक तू किती वेळा दाबतेस ते मला माहीत नाही. मी प्रत्येक वळणावर दाबत होतो.

एक लिहायचं राहिलंय. ती पहिल्यांदा जॅमची बरणी घेऊन जिन्यावरून खाली आली, तेव्हा मला रडू आलं हे खरं. पण त्याच्या आधी एक क्षण होता. तिला झाकण हातात घेऊन उभी पाहिलं. वाटलं, आता मी काय करू? इतकी वर्षं सकाळी डोळे उघडले की मला काय करायचं ते ठाऊक असायचं. झाकण मीच सैल केलंय हे आठवलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. मग रडलो.

तू त्या दिवशी जेवताना जे म्हणालीस ते खरं होतं का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. तुला दार दाखवणं सोपं होतं.

तिला हे सांगू नकोस असं मी या वेळी लिहीत नाही. तुला वाटेल ते कर.

बाबा

१९ जून

ठिणगे,

पार्सल मिळालं. टपालवाल्याने ते दोन्ही हातांनी धरून आणलं आणि मी उघडेपर्यंत फाटकाशी रेंगाळला. वर तुझी चिठ्ठी. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर, आणि तेही हुकूम सोडल्यासारखं: "आईने शिवलंय. मी बोटही लावलेलं नाही. ती म्हणते, पुठ्ठा घालून टपालाने पाठवा. स्वतः घेऊन येऊ नका." मी ती चिठ्ठी पुष्कळदा वाचली. शेवटचं वाक्य तिचं की तुझं, ते कळत नाही. विचारतही नाही.

तुझं वाहतुकीच्या नियमांचं फाटकं पुस्तक तिनं शिवायला घेतलं, हे पाहून हसू आलं. नियमांच्या बाबतीत तुम्हा दोघींचं जमेल.

शिवण मी पाहिली. एक फर्मा उलटा बसलाय, वळण्याच्या खुणांची पानं डोक्यावर उभी आहेत. भोकं कुठल्या कुठे. मधला दोरा ढिला, शेवटचा इतका घट्ट की कागद जरा कापला गेलाय. पुस्तक हातात धरलं की झुलतं. झाडांच्या पुस्तकापेक्षा बरं आहे का? मला सांगता येत नाही, कारण ते मी नीट पाहिलंच नव्हतं. नुसतं काय चुकलंय ते पाहिलं होतं.

कात्री तिच्या जागेवर होती. मी ती उचलून खाली, खळीच्या डब्याच्या मागे ठेवली.

अशा झुलत्या पुस्तकाला नेहमीचा ताठ पुठ्ठा घातला तर पहिल्या उघडण्याला फाटेल. म्हणून पाठीला कापड मऊ घेतलं, पुठ्ठा पातळ, आणि सांध्यात थोडी जास्त जागा सोडली, म्हणजे शिवण जिकडे झुकेल तिकडे पुठ्ठाही झुकेल. इतक्या वर्षांत मी शिवणीकडे बघून पुठ्ठा कापला असं आठवत नाही. शिवणीनेच माझ्या पुठ्ठ्यात बसायचं, असंच चालत आलं होतं. दोनदा चुकलो. तिसरा बरा आला. उलटा फर्मा तसाच आहे. लोकांना उलटं धरून वाचू दे.

आज टपालात टाकलं. शिवण तिची, पुठ्ठा माझा, एवढं तरी झालं. मी येत नाही. ती बोलावेल तेव्हा येईन, आणि नाही बोलावलं तर तो माझा हिशेब आहे, तुम्हा दोघींचा नाही. तिची मूठ सकाळी वळते का, तेवढंच कधीतरी कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

इथं बाकी ठीक. नळांचे दांडे काढून जुने नळ लावले. खणांवरचं मेण खरवडून काढलं, ते आता पूर्वीसारखे अडकतात. बरण्या, डबे, बाटल्या, घरातली सगळी झाकणं मी घट्ट लावून ठेवली आहेत, हातात होता नव्हता तेवढा जोर लावून. काल सकाळी साखरेची बरणी मलाच उघडेना. फडक्याने धरून पाहिली, गरम पाण्याखाली धरायला नेली आणि परत आणून जागेवर ठेवली.

ती तशीच राहू दे म्हटलं. चहा बिनसाखरेचा प्यायलो.

बाबा